मोऱ्या किती?

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. पुढे मुकादम झाले. ‘मैलकुली’ हा शब्द आजच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या अंगावर सोपवलेला असे, तो मैलकुली. खड्ड्यांत खडी-मुरूम भरायचा, साइडपट्टीवरचे गवत काढायचे, वडांच्या बुंध्यांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढायचे, आणि मृग तोंडावर आला की रस्त्याखालच्या मोऱ्या उपसून काढायच्या, हे त्याचे काम. नगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी कोल्हापुरास आलेल्या आमच्या कुटुंबाला या कामाने घर दिले, माझे शिक्षण केले आणि धाकट्या बहिणीचे लग्नही लावून दिले.

आबांना लिहिणे बेताचेच येत असे. तरीही त्यांच्याजवळ लाल कापडी बांधणीची एक वही होती. तिच्यात रत्नागिरी रस्त्यावरची प्रत्येक मोरी नोंदवलेली होती. कोणती नळाची, कोणती फरशीची, कोणत्या मोरीतून कोणत्या ओढ्याचे पाणी जाते, कोणत्या वर्षी कुठे तुंबले. रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो की ते ती वही काढून बसत. मला त्या वहीचे कधी कौतुक वाटले नाही. मी इतिहासाचा शिक्षक झालो, तेव्हा तर त्या वहीकडे पाहण्याचे मी सोडूनच दिले.

पुणे-बंगळूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम या शतकाच्या आरंभी आमच्या भागात जोरात चालू होते. देशाच्या चार महानगरांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाचा तो भाग. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. आता त्याला ४८ म्हणतात. नदीपलीकडे शिरोलीच्या बाजूस मी हप्त्यांनी एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता. रस्ता रुंद होणार, उंच होणार, जमिनीला भाव येणार, या आनंदात मी एका संध्याकाळी आबांना काम दाखवायला घेऊन गेलो. ते तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. डंपर मुरूम ओतत होते, रोलर फिरत होते. पंचगंगेच्या पुराचे पाणी जिथे दरसाल पसरते, त्या शिवारातून भरावाची लांबच लांब भिंत पुढे सरकत होती. आबा बराच वेळ काठी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “बाळा, एवढ्या लांबीत मोऱ्या किती?”

मी हसलो. “आबा, हे मोठे इंजिनिअर लोक आहेत. त्यांनी हिशेब केलाच असेल की.”

“केला असंल. पर पाण्याला वाट ठेवलीया का, येवढं बघ.”

मी बघितले नाही. कोणाला विचारलेही नाही. ती मालमोटारींची रांग, ती नवी खडी, सारे मला प्रगतीचे चिन्ह वाटत होते. आणि खरे सांगायचे तर प्लॉटचा भाव डोळ्यांपुढे होता. आबा त्यानंतर काही वर्षांनी गेले. वही माळ्यावर गेली.

पंचगंगेची ओळख परगावच्या वाचकांना करून द्यायला हवी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीवरून उतरतात आणि कोल्हापूरच्या वायव्येस प्रयाग चिखली येथे एकत्र येतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त आहे असे लोक मानतात. तिथून ही नदी शहराला वळसा घालून, महामार्गाखालून, नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका. कोल्हापूरची लहान मुलेसुद्धा हे आकडे पाढ्यासारखे सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. २०२१ च्या जुलैमध्ये त्याहूनही वर.

माझी बहीण बावड्याच्या बाजूला, नदीकडच्या सखल वस्तीत राहते. २००५ च्या पुरात पाणी तिच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परतले होते. त्यामुळे २०१९ साली ती निर्धास्त होती. रात्री साडेदहाला तिचा फोन आला, “दादा, पाणी उंबऱ्याला लागलंय.” आम्ही पोहोचेपर्यंत ते तुळयांच्या निम्म्यावर गेले होते. तिला आणि भाऊजींना शेजारच्या तरुणांनी गच्चीवरून काढले. त्या घरात पाणी आठवडाभर उभे राहिले. आईची शिलाई मशीन, लग्नातली भांडी, पवित्र कुटुंबाची तसबीर, भाचीच्या शाळेची प्रशस्तिपत्रे, सगळे चिखलात. बहिणीने मशीन तेवढी घासूनपुसून पुन्हा चालू केली. बाकीचे ट्रॉलीत भरून दिले.

त्याच दिवसांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. मालमोटारी मैलोगणती उभ्या. शहरात पेट्रोल नाही, दूध नाही, भाजी नाही. आमच्या पॅरिशच्या सभागृहात पूरग्रस्त कुटुंबे उतरली होती. त्यांच्या जेवणासाठी तांदूळ मिळवताना फादरांची आणि तरुण मंडळाची जी धावपळ झाली, ती मी पाहिली आहे. जो रस्ता आम्हांला जगाशी जोडण्यासाठी उंच केला होता, त्यानेच आम्हांला बेट करून टाकले होते. २०२१ मध्ये तो पुन्हा काही दिवस बंद पडला.

तेव्हापासून गावोगावी एकच वाक्य ऐकू येऊ लागले, “भराव नको, खांबांवरचा पूल द्या.” अलमट्टीच्या धरणावरचा वाद, धरणांतून पाणी केव्हा सोडावे याचा वाद, नदीपात्रातल्या बांधकामांचा वाद, हे सगळे आहेतच, आणि त्यांत तथ्य किती यावर तज्ज्ञांच्या समित्या बसल्या. शिवाय असा पाऊसही क्वचितच कोणी पाहिला होता. म्हणून माझ्या बहिणीच्या घरात जे पाणी शिरले, त्यातले किती इंच त्या भरावामुळे, हे मी सांगू शकत नाही. कदाचित एकही नसेल. कदाचित पाण्याच्या फुगवट्याने दोन हात वाढले असेल. मला बोचते ते एवढेच की हा प्रश्न भराव घालण्याआधी एका म्हाताऱ्या मुकादमाने विचारला होता आणि त्याच्या शिकलेल्या मुलाने तो हसण्यावारी नेला.

निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो. मी पर्यावरणाच्या कायद्यांची पुस्तके वाचू लागलो. मोठ्या प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील याची आगाऊ तपासणी करण्याची पद्धत अमेरिकेत १९७० पासून रूढ झाली. आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळच्या वायुकांडानंतर आला आणि त्याखाली २७ जानेवारी १९९४ ची अधिसूचना निघाली. जनसुनावणीची तरतूद १९९७ मध्ये झाली. सध्या लागू आहे ती २००६ ची अधिसूचना. तिच्यानुसार अहवालाचा मसुदा तयार झाला की राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात देते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असले पाहिजे. अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी सुनावणीच्या अध्यक्षस्थानी बसतो. जो म्हणेल त्याला बोलू द्यायचे, त्याचे चित्रीकरण करायचे, आणि शेवटी कोण काय म्हणाले ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचे. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. म्हणजे कोणीच आले नाही तरी ती झाली असे धरले जाते. शाळेतल्या पालकसभेचा अनुभव असणाऱ्यांस या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हे सारे वाचून मला बरे वाटत होते. पण पुढे गाडी अडली. ही तपासणी प्रत्येक रस्त्याला नाही. नवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर आहे. असलेल्या रस्त्याची ‘सुधारणा’ असेल तर मात्र १९९७ पासूनच, थोडीफार जमीन घेऊन होणाऱ्या रुंदीकरणास आणि मजबुतीकरणास, अभयारण्ये व राखीव वने यांसारखी नाजूक ठिकाणे वगळता, सूट मिळाली होती. २००६ मध्ये ३० किलोमीटरची मर्यादा आली आणि २०१३ मध्ये ती १०० किलोमीटरवर गेली. त्यातही जुन्या मार्गावर ४० मीटरहून अधिक जादा रुंदी घेतली तरच. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. रस्ता आधीच आहे, तो थोडा रुंद करायचा, त्यासाठी वर्षभर कागद कशाला फिरवायचे? पण पूरपट्ट्यातून जाणारा रस्ता चार हात उंच करणे म्हणजे थोडा रुंद करणे नव्हे. पाण्याला रस्त्याची लांबी कळत नाही. शंभर किलोमीटरच्या रस्त्यात नदीकाठचा एखाददुसरा किलोमीटरच असा असतो की जिथे चूक झाली तर वरच्या गावांना भोगावी लागते.

आणखी एक गोष्ट वाचली आणि आबांची आठवण झाली. हवा, पाणी, धूळ, आवाज यांची जी मूळ मोजमापे अहवालासाठी घेतात, ती बहुधा एका ऋतूची असतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून घ्यायचा असतो. धुळीच्या मोजमापासाठी ते योग्यच आहे; पावसात धूळ बसते. पण एका प्रस्तावित महामार्गाच्या अहवालाचा मराठी सारांश माझ्या भाच्याने मला आणून दाखवला, तेव्हा त्यात पुराबद्दल जे होते ते दोन-तीन ओळींत आटोपले होते. वृक्षतोडीचे कोष्टक होते, धूळ बसवण्यासाठी पाणी मारण्याचे आश्वासन होते. आबांचा अख्खा धंदा पावसाळ्याभोवती फिरत असे. उन्हाळ्यात रस्ता बघणारा माणूस रस्ता बघतच नाही, असे ते म्हणत.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मास्तर आता रस्त्यांच्या विरोधात गेले. तसे नाही. मला दुसरी एक चूक सांगायची आहे, आणि ती पहिलीच्या अगदी उलट आहे.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर पंचगंगेवर शिवाजी पूल आहे. इंग्रजी अमदानीतला, एकोणिसाव्या शतकातला दगडी पूल. त्यावरून आबा आयुष्यभर सायकलने कामावर गेले. तो जुना आणि अरुंद झाला म्हणून त्याला लागून पर्यायी पूल बांधायला घेतला. बरेचसे काम उरकल्यावर २०१५ च्या अखेरीस ते थांबले. कारण शेजारची ब्रह्मपुरीची टेकडी. १९४० च्या दशकात तिथे उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. ग्रीक सागरदेवता पोसायडनची कांस्याची चिमुकली मूर्ती तिथलीच. ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. मी वर्षानुवर्षे मुलांना तिच्यासमोर उभे करून सांगत असे, “दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापूरचा व्यापार रोमपर्यंत पोहोचला होता, बरं का.” प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत कोणतेही बांधकाम करण्यास मनाई झाली. सार्वजनिक कामांनाही तीतून वाट नव्हती.

गावात संताप होता. मी मात्र कायद्याच्या बाजूने बोललो. आमच्या शिक्षकांच्या कट्ट्यावर मी म्हणालो होतो की पूल कुठेही बांधता येतो, ब्रह्मपुरी पुन्हा बांधता येणार नाही. वाक्य टाळी घेणारे होते. ते खोटेही नव्हते. पण पुलाचे खांब उभे राहून गेल्यावर टेकडीचे काय वाचणार होते, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. संसदेत कायदा सैल करण्याचे विधेयक आले. लोकसभेने ते २ जानेवारी २०१८ रोजी मंजूर केले आणि ते राज्यसभेत अडकले.

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या कुटुंबांची मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेलो. कठड्याचा दगड जिथून निखळला होता तिथे दोरी बांधली होती, आणि शेजारीच अर्धवट पर्यायी पूल हवेत थांबलेला होता. लोक त्या दोन्हींकडे आळीपाळीने पाहत होते. कोणी फारसे बोलत नव्हते. अपघात चालकाचा ताबा सुटल्याने झाला, पूल रुंद असता तर तो टळलाच असता असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. तरीही कट्ट्यावरचे ते टाळीचे वाक्य मला त्यानंतर कधी उच्चारता आले नाही. पर्यायी पूल पुढे पूर्ण झाला आणि २०१९ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

म्हणजे एकाच नदीवर, चार-पाच मैलांच्या अंतरात, दोन रस्ते. एकाची तपासणी व्हायला हवी होती तेव्हा मला ती नको होती. दुसऱ्याची झाली ती काम बहुतेक उरकल्यावर, आणि तेव्हा मी तिचा कैवार घेतला. दोन्ही वेळा मी मनाशी ठरवलेल्या बाजूला उभा होतो. नदीकडे पाहून ठरवलेल्या बाजूला नव्हे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे जगाला उद्देशून पत्र लिहिले. आमच्या पॅरिशमध्ये उपवासकाळात त्यावर अभ्यासवर्ग झाला होता. बहुतेकांना त्यातला असिसीकर संत फ्रान्सिस आणि पशुपक्षी तेवढे आठवतात. पण पाचव्या प्रकरणात पोप महोदय अगदी आपल्या तालुका कचेरीच्या पातळीवर उतरले आहेत. पर्यावरणाच्या परिणामांची तपासणी हा योजना आखून झाल्यावर उरकायचा सोपस्कार असू नये, ती पहिल्या दिवसापासून योजनेत असावी. ती पैशाच्या आणि सत्तेच्या दडपणापासून मुक्त असावी. आणि जे लोक तिथे राहतात त्यांना चर्चेच्या मेजावर मानाची जागा असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. कशासाठी, कोणासाठी, कुठे, धोका कोणता आणि त्याची किंमत कोण भरणार, हे प्रश्न आधी विचारा, असे ते सुचवतात. मला वाचताना वाटले, आबांनी यांतला शेवटचा प्रश्न मोऱ्यांच्या भाषेत विचारला होता.

वेळेवर विचारले तर ऐकले जातेच असे नाही. पण कधीकधी ऐकले जाते. मिरज तालुक्यातल्या भोसे गावी रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सुमारे ४०० वर्षांचा एक वड तुटणार होता. २०२० च्या जुलैमध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी आडवे आले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला लिहिले, आणि रस्त्याची आखणी बदलली. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पवनारपासून पत्रादेवीपर्यंत ८०० किलोमीटरहून लांब, १२ जिल्ह्यांतून जाणारा रस्ता. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी २०२४ मध्ये मोर्चे काढले, ऑक्टोबरमध्ये आमच्या जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पुन्हा मंजुरी दिली. त्या मोर्चांत आमच्या पॅरिशची काही कुटुंबे चालली. काहींना तो रस्ता हवा आहे, कारण मुले नोकरीसाठी दूर गेली आहेत आणि सणाला लवकर घरी यावीत असे कोणाला वाटणार नाही? मिस्सेनंतर चर्चच्या आवारात दोन्ही बाजू चहा पिता पिता भांडतात. मी हल्ली दोघांनाही एकच विचारतो: सारांश वाचलात का? अजून कोणी ‘हो’ म्हटलेले नाही.

साताऱ्याजवळच्या शेंद्र्यापासून कागलपर्यंत आमचा महामार्ग सहापदरी करण्याचे काम आता हाती घेतलेले आहे. शिरोलीचे जुने नावच ‘शिरोली पुलाची’. पुलामुळे गावाला नाव मिळावे, इतके जिथे नदी आणि रस्ता यांचे नाते जुने, तिथे पुन्हा रोलर फिरत आहेत. बातमी वाचली त्या दिवशी मी माळ्यावर चढलो. आबांची वही उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडली होती. बाकी शाबूत होती. शिरोलीचा रस्ता तिच्यात नाही, तो आबांच्या हद्दीत नव्हता. पण शेवटची आठ-दहा पाने कोरी होती.

जानेवारीतल्या एका दुपारी मी आणि भाचा सेवारस्त्याने चालत निघालो. तो स्थापत्याचा डिप्लोमा झालेला आहे. त्याच्या हातात टेप होता, माझ्या हातात वही आणि आबांची काठी. पहिली मोरी सापडली ती निम्मी गाळाने भरलेली. आत उसाचा पाला, थर्माकोलच्या पत्रावळ्या, एक फुटका हेल्मेट. भाच्याने रुंदी-उंची मोजली, मी लिहिली. दुसरीजवळ काही वेळ थांबलो, कारण तिचे दुसरे तोंड कुठे उघडते तेच सापडेना. तिथे एक मालमोटार उभी होती. क्लीनर पोरगा स्टोव्हवर चहा करीत होता. बराच वेळ आमच्याकडे पाहून तो म्हणाला, “काका, काही हरवलंय का?”

“नाही रे,” भाचा म्हणाला, “मोऱ्या मोजतोय.”

पोरगा उठला, रस्त्याच्या पलीकडे गेला, झुडपे बाजूला सारली आणि तिकडून ओरडला, “हिकडं हाय बघा दुसरं तोंड. पर बुजलंय!”

मी वहीत तसे लिहून घेतले.